तीन बंदुका, जागा दोनच: कोणती ठेवायची अन् कोणती काढायची

साकोलीकडच्या एका दादाचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही लिंक लागेल. घरात पणजोबांच्या मालगुजारीपासून जमलेल्या तीन बाराबोर, म्हणजे छर्ऱ्याच्या १२ बोरच्या बंदुका. पहिली ग्रीनर या इंग्रजी कंपनीची दुनळी, बाहेर घोडे असलेली, नळीवर सापाच्या कातडीसारखी नक्षी. दुसरी बिनघोड्याची दुनळी, आबाजींनी म्हणजे आजोबांनी घेतलेली, रिबवर (दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर) मँटन, कलकत्ता असं कोरलेलं. तिसरी सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची साधी एकनळी, बाबूजींनी म्हणजे वडलांनी १९७८ साली धानाच्या राखणीसाठी घेतलेली. एका लायसनवर दोनच बंदुका हा नियम आला तेव्हा २०२० मधे ग्रीनर नागपूरच्या गन हाउसला (लायसनवाल्या बंदूक दुकानात) जमा केली, ती अजून तिथंच पडून, भाडं चालू. बाबूजी आता ७४ चे. धाकटा भाऊ पुण्याला, तो म्हणतो सगळ्या फुका (विकून टाका) अन् मोकळे व्हा. आता मँटनला गिऱ्हाईक आलंय, पैसा बरा देतो म्हणतो, तर मँटन विकून ग्रीनर परत घरी आणावी का, कारण "ग्रीनर म्हणजे शेवटी ग्रीनर".

माझं उत्तर नाही असं आहे. उलट करा. का ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल, मी ३५ वर्षं हेच काम केलं, आधी दुसऱ्याच्या दुकानात दस्ते (बंदुकीचं मागचं लाकूड) घासत अन् मग स्वतःच्या लायसनवर, आणि माझ्याकडेही एकेकाळी पाच होत्या म्हणजे तुमच्या जागी मी स्वतः बसून झालोय. (लायसन वेगवेगळ्या नावांवर होते बरं, माझ्या, वडलांच्या, काकांच्या, नाहीतर कोणी म्हणेल पाच कशा.)

पहिले कागद पाहून घ्या, कारण कागदावरच अर्धा निकाल लागलेला असतो आणि लोक नळीकडे बघत बसतात. १४ डिसेंबर २०१९ पासून शस्त्र कायद्याची दुरुस्ती लागू झाली, तीनची मर्यादा दोनवर आली, जास्तीची जमा करायला एक वर्ष दिलं. त्या वर्षानंतर ९० दिवसांत ती जमा केलेली बंदूक लायसनवरून उतरवायची असंही त्यातच लिहिलंय. म्हणजे तुम्ही ज्याला "आमची ग्रीनर गन हाउसला ठेवलीय" म्हणता ती वस्तू तुमची आहे, पण बाबूजींच्या लायसनवर ती आता नसायला पाहिजे. लायसन काढून शेवटची नोंद वाचा. परत आणायची तर आधी दोनातली एक उतरवा, मग जिल्हाधिकारी ऑफिसला नव्यानं अर्ज, मग मंजुरी, ही काही बसस्टँडवर ठेवलेली सुटकेस नाही की पावती दाखवली अन् उचलली.

दुसरं म्हणजे बाबूजींचं वय. राजेहो, ही गोष्ट आपल्याकडे कोणी बोलतच नाही, घरात तो विषय काढला की आई म्हणते "असं अभद्र काहून बोलतं". २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे की लायसनधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, जे आधी होईल ते, की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावानं लायसन मागता येतं. तुमच्याकडे तर दोन्ही अटी बसतात. बाबूजी स्वतः कलेक्टर ऑफिसात सही करायला चालत येऊ शकतात तोवर हे काम करा, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, पुण्याच्या भावाची सही दिवाळीत घरी आला की घेऊन टाका. हे राहून गेलं आणि माणूस गेला तर बंदूक घरात ठेवणं हाच गुन्हा होतो, ती विनाविलंब ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा करावी लागते, आणि मी पाहिलंय की तेराव्यापर्यंत कोणाच्या डोक्यात बंदूक येतच नाही, मग वर्षभरानं कोणीतरी सांगतं, मग पळापळ, वकील, आणि ठाण्याच्या मालखान्यात ती बंदूक दोन पावसाळे खाते. वारसाहक्कानं आली तरी एका माणसाला दोनच, ही अटही कायद्यात स्पष्ट आहे, "वडिलोपार्जित आहे साहेब" म्हणून तिसरी मिळत नाही.

म्हणून मी कोणालाही पहिला प्रश्न हा विचारतो की पुढं कोणाच्या नावावर जाणार. ज्या बंदुकीला वारस नाही ती कितीही भारी असो, ती तुम्ही ठेवत नाही आहात, फक्त विकायचा दिवस पुढं ढकलताय आणि तो दिवस तुमच्या पोराच्या डोक्यावर ठेवताय. तुम्ही गावात आहात, शेती तुम्ही बघता, म्हणजे लायसन तुमच्या नावानं मागायचं, आणि तुमच्या दोन जागा आहेत. भावानं पुण्यात स्वतःचं लायसन मागितलं तर तिसरी जागा होईल, पण "सगळ्या फुका" म्हणणारा माणूस त्यासाठी ऑफिसचे खेटे घालेल असं मला काही वाटत नाही.

आता बंदुका.

लोक नावावरून सुरू करतात, मी नळीवरून करतो. बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करा, कोणी सांगितलं म्हणून नाही, उघडून दोन्ही चेंबरमधे (काडतूस बसतं त्या जागेत) करंगळी घालून. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या सुट्या करा, उलट्या करून चेंबरच्या खालचा सपाट भाग बघा. बंदुकीची खरी जन्मपत्रिका तिथं असते, रिबवर नाही. रिबवर दुकानदाराचं नाव असतं, जसं लग्नाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरतात तसं. कलकत्त्याचं मँटन, रॉडा, लायन अँड लायन, मुंबईचं आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, ही सगळी विकणारी दुकानं, त्यांच्यासाठी बर्मिंगहॅमचे कारखाने माल बनवून द्यायचे आणि त्यात वेब्ली अँड स्कॉट मोठा. तुमचा गन हाउसवाला म्हणतो असं तुम्ही लिहिलंय की ही मँटन आतून वेब्ली आहे, तर तसं असू शकतं, अॅक्शनच्या (नळ्यांमागच्या लोखंडी सांगाड्याच्या) आतल्या बाजूला छोटा शिक्का शोधा. १८९७ मधे वेब्ली आणि स्कॉट या दोन जुन्या कंपन्या एक झाल्या आणि १९७९ पर्यंत त्यांनी दुनळ्या बनवल्या, साध्या, दणकट, बॉक्सलॉक. बॉक्सलॉक म्हणजे अॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ मधे वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात काढलेली रचना, घोडे आत, पार्ट कमी, आणि ती इतकी सुटसुटीत की खेड्यातल्या मिस्त्रीलाही समजते. साइडलॉक, म्हणजे यंत्र बाजूच्या पट्टीवर बसवलेलं, बघायला सुंदर असतं पण त्याची एक स्प्रिंग तुटली की आपल्याकडे ती हातानं घासून बनवणारा माणूस शोधा, मग कळेल.

उलट नावाची फसवणूकही खूप आहे. बेल्जियमच्या लिएज गावातून ढिगानं स्वस्त बंदुका आल्या, त्यावर इंग्रजी वाटतील अशी नावं घातलेली. "डब्ल्यू. रिचर्ड्स" बघून वेस्टली रिचर्ड्स समजणारे मी किमान दहा पाटील पाहिले असतील. अशा नळीखाली अंडाकृती चौकटीत मुकुट आणि ईएलजी अशी अक्षरं दिसतात, ती दिसली की ती बेल्जियमची, वाईटच असते असं नाही, पण ती इंग्रजी नाही एवढं नक्की. तुमच्या ग्रीनरवर पहिले हे बघा. नळीखाली ईएलजी निघालं तर ही चर्चा तिथंच संपली.

समजा खरी डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर आहे. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून, बाहेर घोडे आणि सापाची नक्षी, ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची असावी. ती नक्षी रंगानं काढलेली नाही, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, सळईभोवती गुंडाळून ठोकून जोडलेल्या असतात, त्यालाच दमास्कस म्हणतात, पोळीला पदर असतात तसं समजा. फार देखणं काम, पहिल्या महायुद्धापर्यंत ते जवळपास संपलंच. पण या नळीत जोड किती असतात, तर टोकापासून टोकापर्यंत जोडच जोड, आणि शंभर वर्षांत त्यातला एखादा आतून गंजला आहे की नाही हे बाहेरून कोणालाच दिसत नाही, मलाही नाही. या बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या. बिनधुराच्या म्हणजे नायट्रो दारूची चाचणी बर्मिंगहॅमला १८९६ च्या सुमारास सुरू झाली, १९०४ पासून तिथं मुकुटाखाली एनपी असा शिक्का मारायला लागले. तुमच्या ग्रीनरवर एनपी नसेल, नुसते मुकुट अन् आडवे-तिडवे राजदंड असतील, तर ती बंदूक आजच्या दुकानातल्या काडतुसासाठी नाहीच. एक काडतूसही नाही. "आबाजी तर तिच्यातून एलजी (मोठ्या छर्ऱ्याचं काडतूस) मारायचे" हे मला सांगू नका, आबाजींचं नशीब चांगलं होतं.

काहींवर "नॉट फॉर बॉल" असंही कोरलेलं सापडतं, ते १८७५ ते १८८७ मधल्या चोक नळ्यांवर मारत, अर्थ असा की पुढून नळी निमुळती आहे, आत एकच मोठी गोळी घालू नका, छर्राच वापरा. आणि आपल्याकडे डुकरासाठी लोक नेमकी तीच गोळी घालायचे.

आता मँटनकडे, कारण मला ती ठेवायची आहे. ठेवण्याआधी तिला चार परीक्षा द्या.

नळ्या सुट्या करून खालच्या लम्पमधे (नळीखालच्या लोखंडी आकड्यात) बोट अडकवून लटकवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं हळूच टिचकी मारा. मडकं वाजवून घेतो तसं. देवळातल्या लहान घंटेसारखा लांब आवाज निघाला तर रिब जोडलेल्या आहेत. फुटक्या मडक्यासारखा खट्ट आवाज आला तर डाग (कथलाचा जोड) कुठंतरी सुटलाय, आत पाणी जातंय, आणि दोन नळ्यांच्या मधे बाहेरून न दिसणारा गंज चालू आहे. हा धडा मी पैसे मोजून शिकलोय. माझी एक बीएसए कंपनीची दुनळी होती, निळा रंग उडालेला, मी हौसेनं एका दुकानात ब्लूइंगला दिली, तेव्हा नवीन होतो, विचारलं नाही कसं करणार. त्यानं गरम क्षाराच्या टाकीत बुडवली. आली तेव्हा काय चकाकत होती, बायको पण म्हणाली "नवीन घेतली का". पण दुनळीच्या रिब कथलाच्या मऊ डागानं बसवलेल्या असतात आणि तो उकळता क्षार त्याच डागाला खातो. दोन वर्षांनी टिचकी मारली तर खट्ट. दुनळीला हळूहळू गंज चढवून घासत जायची जुनी पद्धतच लागते, आठवडा जातो, त्याला इलाज नाही. म्हणून सांगतो, विकायच्या आधी "जरा चमकवून घेतो" हा मोह धरू नका, जाणकार गिऱ्हाईक उडालेल्या रंगाचे पैसे देतं, नव्या रंगाचे कापतं.

दुसरी परीक्षा आतून. नळी उजेडाकडे धरून बघा. बारीक खड्डे दिसतील, पूर्वीच्या काडतुसाच्या टोपीतल्या रसायनानं मीठ मागं राहायचं आणि आपल्या जुलै-ऑगस्टमधे ते मीठ हवेतलं पाणी ओढायचं. थोडे खड्डे असतील तर मी घाबरत नाही. मी घाबरतो ते एकदम आरशासारख्या नळीला. कारण बऱ्याचदा खड्डे घालवायला कोणीतरी आतून घासून काढलेलं असतं आणि लोखंड पातळ झालेलं असतं. उमरेडकडून एकदा एक दुनळी आली माझ्याकडे, मालक खूश, म्हणे आत बघा भाऊ, मुका घ्यावा अशी नळी आहे. खाली शिक्का बारा, म्हणजे भोक .७२९ इंच, साडेअठरा मिलिमीटर. माझा गेज (भोक मोजायचं यंत्र) आत सरकवला, नऊ इंचावर थांबवला, डायल वाचली, .७४१. परत काढून पुसून घातला, तेच. बारा थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जुन्या हिशोबानं दहा थाऊ वाढलं की ती नळी चाचणीतून बाद. मग बाहेरून भिंत मोजली तर सर्वात पातळ जागी १६ थाऊ, साधारण २० च्या खाली मी कोणाला हो म्हणत नाही. ती दिसायला घरातली सर्वात सुंदर बंदूक होती. मालक माझ्यावरच रागावून गेला.

म्हणून मँटनच्या नळीखालचा आकडा वाचा. नुसता १३ असेल म्हणजे .७१०, १३/१ असेल म्हणजे .७१९, १२ म्हणजे .७२९, आणि त्याच्याशी आजचं माप ताडा. गेज असलेला माणूस नागपूरला मिळेल, पण दोन ठिकाणी मोजून घ्या, त्यातला एक तिला विकत घ्यायला टपलेला नसावा.

तिसरी परीक्षा चेंबरची, आणि यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. १९५० च्या आधीच्या बहुतेक इंग्रजी बाराबोरचं चेंबर अडीच इंची, आपण ६५ मिलिमीटर म्हणतो. आज दुकानात मिळणारं काडतूस बहुतेक ७० चं. ते त्या चेंबरमधे बसतं! अगदी आरामात बसतं, बंदूक बंद होते, कारण तोंड दुमडलेलं असतं तेव्हा काडतूस आखूड असतं. ७० हे माप उडाल्यावर उघडलेल्या काडतुसाचं. उडतं तेव्हा ते दुमडलेलं तोंड उघडून पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्ऱ्याची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एका बारात काही होत नाही, म्हणूनच लोकांना पटत नाही. १९५४ नंतरच्या इंग्रजी नळ्यांवर दाबही लिहिलेला असतो, ३ टन म्हणजे अडीच इंची चेंबर, ३¼ टन म्हणजे पावणेतीन इंची. तुमची आबाजींच्या काळातली, तिच्यावर टन नसेल, अडीचचा आकडा असेल कदाचित, नाहीतर चेंबर मोजून घ्या. अडीच निघाली तर ६५ चं काडतूस मागवा, नसेल मिळत तर उडवू नका, चेंबर वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या हातात नळी देऊ नका, तिथं आधीच लोखंड कमी असतं.

चौथी, बंदूक बंद करून, पुढचं लाकूड काढलेलं असताना, हलवून बघा. खडखड आली किंवा नळी अन् अॅक्शनच्या मधून उजेड दिसला तर सांधा ढिला झालाय. पतंगाचा कागद मधे घालून बंद करा, कागद ओढला अन् निघून आला तर काम आहे. हे दुरुस्त होतं, चांगला मिस्त्री पाहिजे, हातोडीनं ठोकून घट्ट करणारा नाही, ते सहा महिने टिकतं. एक पोचा असेल तर तोही निघतो. नळीला फुगा असेल तर मी हात लावत नाही.

दस्त्याचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री आणि लगेच जूनमधे दमट, अक्रोडाचं लाकूड यात आक्रसतं अन् फुगतं, मनगटाजवळ चीर पडते. चीर जुनी अन् नीट जोडलेली असेल तर भाव कमी होतो पण बंदूक वाईट होत नाही. आणि बंदुकीबरोबर चामड्याची पेटी आलेली असेल तर तिच्यात बंदूक ठेवू नका, कधीच. पेटी जपा, विकताना बंदुकीबरोबर द्या, पण बंदूक बाहेर ठेवा, चामडं ओल धरून बसतं. मी एकदा पेटी आणि गज (नळी साफ करायची काठी) वेगळे विकले, दोन हजार आले म्हणून खूश होतो, नंतर कळलं की मूळ पेटीसकट बंदुकीला जो भाव आला असता त्यात असे चार वेळा दोन हजार मावले असते.

आणि दसरा. घरोघरी नळीवर हळदीकुंकवाचं ओलं बोट लावतात, वर झेंडू, आपट्याचं पान, आरती, मग ती तशीच कपाटात जाते. पुढच्या दसऱ्याला त्या बोटाच्या ठशाएवढा गोल गंज. भंडाऱ्याकडच्या एका घरात मी एका नळीवर असे नऊ डाग मोजले, बरोबर एका ओळीत, आजींनी दरवर्षी मागच्या डागाच्या बाजूला नवीन बोट लावलेलं. आजींना म्हटलं, पूजा करा पण दस्त्यावर करा, तर म्हणाल्या, "मारते ते नळी, पूजा दस्त्याची काहून करू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फक्त म्हटलं संध्याकाळी तेलाच्या फडक्यानं पुसून घेत जा.

आता भावाचं. मी आकडे सांगत नाही, कारण माझा आकडा घेऊन लोक गिऱ्हाइकाशी भांडतात. पण भाव कसा बनतो ते सांगतो. ऐंशीच्या दशकात खाजगी माणसाला बाहेरून बंदूक आणणं बंद झालं, तेव्हापासून देशात जितक्या इंग्रजी बंदुका आहेत तितक्याच, म्हणून विलायतेत जी साधी वेब्ली आज कोणी फारशी विचारत नाही तिला आपल्याकडे मान आहे. त्यामुळं तिकडच्या लिलावाचे आकडे मोबाईलवर बघून काही ठरवू नका, ना वर ना खाली, तिकडं पाठवताही येणार नाही, शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू कायद्यात अडकू शकते. दुसरीकडे, घेणाऱ्यालाही दोनच जागा आहेत. ज्याच्याकडे पैसा आहे त्याची एक जागा रिव्हॉल्वरनं भरलेली असते. म्हणजे दुनळीसाठी एका माणसाची एकच जागा, ती तो उडवता येईल अशा चालत्या बंदुकीला देतो. दमास्कस ग्रीनर घेणारा म्हणजे फक्त जपणारा माणूस, असे लोक आहेत, पण थोडे, आणि ते घाईत नसतात. म्हणून मँटनला गिऱ्हाईक दारात आलं आणि ग्रीनर २०२० पासून दुकानात पडून आहे. गिऱ्हाइकाला कळलंय काय घ्यायचं ते. तुम्हालाच कळलं नाही, रागावू नका.

एकनळीचं काय, तर ती इच्छापूरची ऑर्डनन्सची, तिला ७० चं काडतूस चालतं, पार्ट मिळतात, पडली तरी रडू येत नाही. तुमचं लायसन राखणीच्या कारणावर आहे, आणि वन्यजीव कायद्यानं (१९७२ चा) शिकारीचा विषय संपलेला, डुकरासाठीसुद्धा वन खात्याची लेखी परवानगी असेल तेव्हाच बार काढायचा, मग त्या कामाला इंग्रजी बंदूक चिखलात न्यायची कशाला. गाव नागझिऱ्यासारख्या अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत असेल तर लायसनधारकाची वन खात्याकडे नोंदणीही लागते, ती केलेली आहे का ते बाबूजींना विचारा, बऱ्याच जणांनी केलेली नसते. शिवाय निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा. एका ठाण्यात मी स्वतः पाहिलंय, पन्नास-साठ बंदुका सरपणासारख्या रचलेल्या, एकाचा घोडा दुसऱ्याच्या दस्त्यात रुतलेला. परत आली तेव्हा माझ्या वडलांच्या बंदुकीवर टाचणीएवढा नाही, बोटभर ओरखडा. ज्या घरातून दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जाते त्यानं एक तरी बंदूक अशी ठेवावी जिला काही झालं तरी जेवण गोड लागेल. मँटन जमा करताना जुन्या गोधडीत गुंडाळून, वरून नाव अन् नंबर लिहून द्या, आणि पावतीवर "दस्त्याला ओरखडा नाही" असं लिहून मागा, हसतील, पण लिहून देतात.

म्हणजे माझ्या मते घरी दोन, मँटन आणि एकनळी, जशा आता आहेत तशाच, फक्त बाबूजींच्या नावावरून तुमच्या नावावर. ग्रीनर काढायची. हे माझं मत मँटन वरच्या परीक्षेत पास झाली तर. नापास झाली, नळी पातळ निघाली, तर तिच्यावरचा माझा सगळा जीव मागं घेतो, मग ती त्या गिऱ्हाइकाला खरं सांगून द्या, आणि एक जागा रिकामी ठेवा, घाईनं भरू नका.

ग्रीनर काढायची म्हणजे कशी. कायद्यानं विकायच्या आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि कळवल्यावर ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याचं लायसन त्या बोरचं, जागा रिकामी, मुदत चालू, हे सगळं आपल्या डोळ्यांनी बघा, झेरॉक्स घ्या. तुमच्या बाबतीत ती आधीच डीलरकडे आणि लायसनवरून उतरलेली, म्हणजे व्यवहार डीलरच्या रजिस्टरमधूनच होईल, पण जमा केल्याची मूळ पावती शोधा, ती नसेल तर आज पहिलं काम ते. विकायच्या आधी फोटो काढा, दोन्ही कुशीवरची नक्षी, नंबर, शिक्के, दस्त्यावरची आबाजींच्या हाताची घासलेली जागा, सगळं. मी माझ्या तीन दिल्या तेव्हा एकीचाही नंबर लिहून ठेवला नाही, आज वडलांच्या बंदुकीचा नंबर काय होता ते मला सांगता येत नाही.

कोणी सल्ला देईल की नळीला भोक पाडून भिंतीवर लावा, मग लायसन लागत नाही. कायद्यात पुरातन बंदुकीला सूट आहे ती खरी, पण जी दुरुस्त करूनही उडू शकत नाही अशीलाच, आणि ते तुम्ही-आम्ही ड्रिल मशीन घेऊन ठरवायचं नसतं. नळी कापून आखूड करणं तर सरळ गुन्हा आहे. भिंतीवर लावायचीच असेल तर रीतसर अर्ज करून विचारा, तोवर ती लायसनचीच वस्तू. गडचिरोलीकडच्या लोकांनाही हेच सांगतो, ठासणीची भरमार कितीही जुनी असली तरी ती उडते, म्हणजे ती बंदूक आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मला विचारायची आहे. तुम्ही मँटन खांद्याला लावून पाहिली का कधी? डोळे मिटा, बंदूक रिकामी असताना खांद्याला घ्या, मग डोळे उघडा. नजर सरळ रिबवर आली तर ती तुमच्या अंगाची आहे. आबाजी सहा फूट असतील आणि तुम्ही साडेपाच तर दस्ता लांब पडेल, तुम्हाला मागून लाकूड कापावंसं वाटेल. कापू नका. जाड कोट काढून बघा, पातळ सदऱ्यावर बघा, तेवढ्यानंच फरक पडतो. नाहीच बसली तर बाबूजींना लावायला सांगा, मागे उभं राहून त्यांची मान किती वाकते ते बघा, आणि नळीखालच्या शिक्क्यांचा फोटो त्या गिऱ्हाइकाला नाही, आधी गेजवाल्याला पाठवा.